कमलआत्याच्या खुनाच्या चाळीस प्रती

गेल्या श्रावणात (ज्या महिन्यात आमच्या घरी कांदासुद्धा चिरत नाहीत) मी आमच्या कमलआत्याचा खून केला आणि त्याच्या चाळीस प्रती काढून झाशीभर वाटल्या.

वाटताना प्रत्येक दारात वाकून नमस्कार केला. प्रतीवर अक्षता ठेवल्या. ‘सहकुटुंब यायचं हं!’ असंही म्हणालो. स्वतःविरुद्धचा पुरावा इतक्या अदबीनं घरपोच करणारा खुनी कुठल्याच पोलिसाला आजवर भेटला नसेल.

आता सुरुवातीपासून सांगतो. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, बँकेतून घरी येताना, सीपरी बाजारच्या फाटकापाशी स्कूटर बंद पडलेली असताना मला साक्षात्कार झाला, की आपण रहस्यकादंबरी लिहावी. बायकोला, म्हणजे मेधाला, मी ही बातमी जरा नाट्यमय आवाजात सांगितली. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, “लिही की. पण स्कूटर आधी दुरुस्तीला टाक.”

मी तयारीला लागलो. खुर्ची खिडकीपाशी नेली. उजेड डाव्या खांद्यावरून यावा म्हणून टेबल तीनदा फिरवलं. नवीन शाईचं पेन आणलं. खांद्यावर शाल घेतली. (झाशीच्या उकाड्यात! पण कादंबरीकार घामेजलेला असला तरी शालीतच शोभतो.) मग नायक तयार केला. सहा फूट उंची, निळे डोळे, परदेशातून शिकून आलेला गुप्तहेर, नाव समशेर. ते मी आमच्या सईला वाचून दाखवलं. सई म्हणजे आमची कन्या. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत देते.

“पापा,” ती म्हणाली, “ये आदमी जासूस नहीं है, टूथपेस्ट का ऐड है।”

मी चिडून आत्याकडे गेलो.

कमलआत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. वय अठ्ठ्याहत्तर, लग्न केलं नाही, मुलींच्या शाळेत पस्तीस वर्षं शिकवलं, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून एकटी राहते आणि अजूनही रस्त्यात भाजीवाल्यापासून वकिलापर्यंत निम्मं शहर तिला ‘बहनजी’ म्हणून वाट देतं. मला मराठी लिहाय-वाचायला तिनं शिकवलं. शाळेत सगळं हिंदी, गल्लीत बुंदेली. मराठी फक्त स्वयंपाकघरात आणि रागावताना! ती संपू नये म्हणून आत्या मला उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी दोन ते चार समोर बसवायची. मुलं बाहेर पतंग उडवत आणि मी आत शुद्धलेखन गिरवत. तेव्हा मी तिला मनातल्या मनात किती वेळा ठार मारलं असेल, त्याची तर मोजदादच नाही. पण रोज सकाळी आठ वाजता ती मला फोन करते आणि शब्दकोड्यातला एक शब्द विचारते. तिला तो येत असतो. मला येतो का, हे ती बघत असते.

तर आत्यानं माझ्या समशेरचं वर्णन ऐकलं, चष्मा काढला आणि म्हणाली, “शिऱ्या, तू परदेशात कधी गेलास?”

“नाही.”

“निळ्या डोळ्यांचा माणूस कधी पाहिलास?”

“स्टेशनवर एकदा. ओरछ्याला चालला होता.”

“मग त्याला ओरछ्याला जाऊ दे. ज्यांच्या घरी तू जेवलायस, त्यांच्यावर लिही. माणूस कसा जेवतो ते पाहिलं, की तो खून करील की नाही ते आपोआप कळतं.”

हा सल्ला मी अक्षरशः घेतला, आणि तिथंच घात झाला. झाशीत आणि आसपास मराठी घरं उरली चाळीस. काही आमच्यासारखी, पेशव्यांच्या काळात कारकुनी करायला आली ती परतीची वाट विसरली. काही रेल्वेच्या नोकरीनं आली आणि गाडीची वाट बघत राहिली. या चाळीसही घरी मी जेवलोय. पात्रंच पात्रं! मी घरी आलो आणि कागद शोधू लागलो.

इथं आमच्या घरातला एक नियम सांगायला हवा. आमच्याकडे कोरा कागद वापरत नाहीत. पाठकोरा वापरतात. वडिलांची शिस्तच तशी होती : एका बाजूला मजकूर असलेला कागद टाकणं म्हणजे ताटात अन्न टाकणं! त्यामुळे खणात जुन्या याद्या, पत्रिका, बँकेची परिपत्रकं सगळं पाठ वर करून रचलेलं असतं. मी वरचाच एक कागद ओढला. उलटून पाहिलं : गणपतीच्या नैवेद्याची यादी. आमच्या मंडळात दहा दिवस रोज चार घरांचा नैवेद्य असतो आणि ती यादी दरवर्षी मी करतो. फुलस्केप कागदावर, सुवाच्य अक्षरात. घरं तीच, क्रम तोच, पदार्थ तेच. गेल्या वर्षीची आणि या वर्षीची यादी शेजारी ठेवली तर फक्त तारखा वेगळ्या. ‘गेल्या वर्षीची दिसते,’ म्हणून मी पाठीवर लिहायला बसलो.

ती या वर्षीची होती.

काय सुरेख तंद्री लागली होती म्हणून सांगू! पात्रं नुसती धावत येत होती. पहिले खेरकाका, रेल्वेचे निवृत्त गार्ड. ‘अजून खिशात शिटी. आरतीत बेसूर गातो. आत्यानं चारचौघांत सांगितल्यापासून मनात डूख. खून सव्वाचारला, तेव्हा कुठं होता? संशयित क्र. १.’ मग डॉक्टर दामले. ‘होमिओपॅथ. गोड गोळ्या. विष सहज उपलब्ध.’ मग नलूकाकू. ‘बोलणं मोदकासारखं. मोदक मात्र फुटतात. आत्याचे फुटत नाहीत. हेतू भक्कम!’ असे आठ-दहा जणांचे तीन-तीन ओळींत कपडे उतरवून मी शेवटी आत्याकडे आलो.

खून तर कोणाचा तरी व्हायला हवा. मी लिहिलं : ‘कमलआत्या. मृत. पान पहिलं. हत्यार : खलबत्ता.’ एवढंच लिहिलं आणि थांबलो, कारण पुढचं मोठं होतं आणि ओळीत मावेना. म्हणून ‘मृत’वर एक तारा काढला आणि कागदाच्या अगदी तळाशी तशीच खूण करून उरलेलं बारीक अक्षरात लिहिलं. मग तृप्त होऊन झोपाळ्यावर जाऊन बसलो. शाल तोवर भिजली होती.

दुसऱ्या दिवशी ‘या वर्षीची’ यादी घेऊन मी गुप्ताजींच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. चाळीस प्रती सांगितल्या आणि समोर कचोरी खायला गेलो. परत आलो तर गठ्ठा सुतळीनं बांधून तयार! वरचं पान ओळखीचं, माझंच अक्षर. मी न उघडता उचलला. ‘यादी फोनवर टाक की,’ असं मेधा दरवर्षी म्हणते. पण आत्याचा दंडक असा, की देवाच्या नैवेद्याचं आमंत्रण हातानं आणि अक्षतांसकटच जायचं. दोन दिवस स्कूटरवरून फिरून मी चाळीसही घरं केली. झाशीबाहेर बबीन्याला जोशींकडे जाऊन त्यांच्याकडचा चिवडाही खाल्ला.

तिसऱ्या दिवशी सकाळी नलूकाकूंचा फोन.

“शिरीष, यादी मिळाली हो. पुढची बाजू वाचली. मागचीही वाचली.”

“मागची कसली, काकू?”

“तीच. ज्यात माझे मोदक फुटतात.”

माझ्या हातातला चहा बशीत, बशीतून मांडीवर आणि मांडीवरून चटईवर गेला. आमच्या घरासाठी ठेवलेली प्रत उलटून पाहिली. दोन्ही बाजूंनी छापलेली, स्वच्छ, ठळक! मी तसाच गुप्ताजींकडे धावलो.

“गुप्ताजी, ये पीछे वाला क्यों छापा?”

गुप्ताजींनी शांतपणे तंबाखू मळली. “अरे साहब, दोऊ तरफ लिखो हतो, सो हमने दोऊ तरफ छाप दओ। कागज तुम्हाओ बड़ो हतो, हमाए कागज पे जितनो आओ, उतनो छाप दओ।”

पुढं ते काय म्हणाले तिकडे माझं लक्ष नव्हतं. (लक्ष दिलं असतं, तर ही गोष्ट इथंच संपली असती.)

घरी आलो तर फोन वाजतच होता. मला वाटलं, आता बदनामीचे खटले, मंडळातून हकालपट्टी. झालं भलतंच. खेरकाका म्हणाले, “शिरीष, हेतू मान्य! पण वेळेत गडबड आहे. तू खून सव्वाचारला दाखवलायस. सव्वाचारला मी रोज स्टेशनवर गाड्या बघायला बसतो, अख्खा प्लॅटफॉर्म साक्षीला आहे. सहानंतर ठेव, म्हणजे मी मोकळा असतो.”

डॉक्टर दामले मात्र खरेच दुखावले होते. “विष? माझ्या गोळ्यांनी? अरे, तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये माझ्या औषधानं एक माणूस मेलेला नाही!” मागून त्यांच्या बायकोचा आवाज आला, “बरा तरी कुठं कोण झालाय!” आणि फोन बंद झाला.

नलूकाकूंनी सईच्या हाती डबा पाठवला. आत एकच मोदक. अखंड, एकवीस कळ्यांचा. खाली चिठ्ठी : ‘पुरावा क्र. १.’ मी तो तपासायला हातात घेतला आणि तो फुटला. ही गोष्ट मी आज प्रथमच कबूल करतोय.

सगळ्यात भारी फोन बबीन्याचा. “आम्ही जोशी बोलतोय. दरवर्षी बस धरून आरतीला येतो. तुम्ही परवा आमचा चिवडाही खाल्लात. आणि चाळीस घरांत संशय घेण्याच्या लायकीचे आम्ही नाही?”

“तसं नाही हो, काका…”

“साधे साक्षीदारसुद्धा नाही! छावणीजवळ दुकान आहे आमचं, बंदुकीचा आवाज लांबून ओळखतो. काही उपयोग नाही का तुम्हाला?”

“पण खून खलबत्त्यानं झालाय.”

“मग बदला की!”

सई पोट धरून हसत होती. “पापा, सब खुश हैं! आपकी तो निकल पड़ी!”

सब खुश नव्हते. सकाळचे आठ वाजून गेले होते, नऊ झाले, दहा झाले. शब्दकोड्याचा फोन आला नव्हता.

दुसऱ्या दिवशीही आला नाही. मी लावला, उचलला नाही. मेधा म्हणाली, “तू स्वतः जा. पायांवर डोकं ठेव. आणि ती शाल घेऊन जाऊ नकोस.” गेलो, तर दाराला कुलूप. शेजारच्या तिवारीनबाईंनी गच्चीवरून सांगितलं, “बहनजी तो चिरगाँव चली गईं, अपनी शकुन के घर। कह रही थीं, गणेशजी के बाद देखेंगे।”

गणपतीला चार दिवस. आमच्या मंडळात पहिल्या दिवसाचा नैवेद्य आत्याचा आणि पहिली आरती आत्याच्या आवाजात. मी पाळण्यात होतो तेव्हापासून हे असंच. आत्याशिवाय गणपती बसवायचा म्हणजे काय करायचं, हे चाळीस घरांत कोणालाच माहीत नव्हतं. आणि खरं सांगू? गणपतीचं मी लोकांना सांगत होतो. मला स्वतःला सकाळचे आठ वाजलेले सहन होत नव्हते. तिला वाटलं असणार, मी तिला मारायलाच टपलोय! अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला तिच्या भाच्यानं छापून कळवलं, की तू पहिल्या पानावर मरतेस.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिरगावची बस धरली. सोबत काय न्यावं सुचेना, म्हणून तो मूळ कागद खिशात घातला. तिच्यासमोर फाडावा, पाया पडावं, कादंबरी सोडली म्हणून शपथ घ्यावी, असा बेत. बसमध्ये मी माफीचं भाषण पाठ करत होतो. दोनदा माझेच डोळे भरून आले. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, “काए भैया, कोऊ मर गओ का?” मी म्हणालो, “हाँ। पर छापने की गलती से।” तो सरकून बसला.

शकुन म्हणजे आत्याची जुनी विद्यार्थिनी. चिरगावात बाजारात तिचं कापडाचं दुकान, मागे घर. तिनं मला पाहिलं आणि कुजबुजली, “बहनजी अंदर हैं। गुस्से में हैं। और चश्मा भी लगाए हैं।”

आत्या लाकडी दिवाणावर बसली होती. समोर माझी प्रत, फूटपट्टी आणि लाल पेन्सिल.

“आत्या, मी…” मी भाषण सुरू केलं.

“गप्प. बस. किती लांबीच्या कागदावर लिहितोस तू यादी?”

“फुलस्केप.”

“हा किती आहे?”

मी प्रतीकडे पाहिलं. लहान होती.

“पंचवीस वर्षं तू यादीखाली ‘कळावे, लोभ असावा’ लिहून सही करतोस. या यादीवर सही कुठंय?”

नव्हती. गुप्ताजींच्या लहान कागदावर जेवढं आलं तेवढंच आलं होतं. चाळीस घरांतल्या एकाही माणसाच्या हे लक्षात आलं नव्हतं. खुद्द सही करणाऱ्याच्याही!

आत्यानं प्रत उलटी केली. “पुढचं तळ कापलं गेलं, म्हणजे मागचंही गेलं असणार. हे बघ. खेरच्या तीन ओळी. नलूच्या तीन ओळी. दामल्याच्या गोळ्यांचंसुद्धा वर्णन. आणि माझ्याबद्दल एक शब्द. मृत.” तिचा आवाज जरासा हलला. “मारलंस त्याचं काही नाही रे. गोष्टीत कोणीतरी मरतंच. पण जन्मभर डोळ्यासमोर असलेल्या बाईबद्दल तुला लिहायला काहीच सापडू नये? दोन दिवस मी हेच घेऊन बसले होते. काल रात्रीपर्यंत. आज सकाळी आठ वाजता शब्दकोडं हातात घेतलं आणि मग हे दिसलं.”

तिनं लाल पेन्सिलीनं ‘मृत’वरच्या इवल्याशा ताऱ्याभोवती गोल काढला.

“ताऱ्याला तळटीप असते. मीच शिकवलंय तुला, सातवीच्या सुट्टीत. तळटीप दे.”

मी खिशातून मूळ कागद काढला आणि घड्या उलगडून तिच्या हातात दिला. तळाशी, बारीक अक्षरात होतं : ‘आत्याच का? कारण हिच्याशिवाय माझ्या आयुष्यात मराठीचं एकही पान सुरू झालेलं नाही, आणि झाशीत असं एकच माणूस आहे की जे गेलं तर चाळीसही घरं आपापली भांडणं विसरून एकत्र रडतील. (मरणाच्या वेळीही शब्दकोडं सोडवत होती. शेवटचा शब्द बरोबर.)’

आत्यानं ते वाचलं. पुन्हा वाचलं. चष्मा काढून पदरानं पुसला, पुसलेलाच पुन्हा पुसला. शकुन दारात उभी होती, तिला मराठी येत नव्हतं, तरी तीही नाक ओढत होती.

“वाक्य लांब झालंय,” आत्या म्हणाली. “दोन कर.”

“करतो.”

“आणि खलबत्ता नको. माझा पितळी आहे, दरवर्षी चिंचेनं घासते. त्याला रक्त लागलेलं मला चालणार नाही.”

“आत्या, मी कादंबरीच सोडतोय.”

“सोडून दाखव! तुला दोन ते चार बसवलं ते याद्या करायला का?” ती उठलीच. “शकुन, मेरा थैला लाओ बेटा। शिऱ्या, बस किती वाजता आहे?”

बसमध्ये तिनं मला खिडकी दिली नाही. रस्ताभर ती मला विचारत होती, खुनाच्या वेळी डॉक्टर कुठं होते, नलूचा पदर कोणत्या रंगाचा होता, खेरची शिटी वाजली की नाही. झाशी यायच्या आत तिनं खुनी पकडला होता. मला अजून माहीत नव्हता!

गणपती बसले. आत्यानं पहिली आरती म्हटली. खेरकाका नेहमीप्रमाणे बेसूर गायले, पण या वेळी तिच्याकडे बघून डोळे मिचकावत. मी मागे उभा राहून हात जोडले आणि देवाला, गुप्ताजींना, त्यांच्या लहान कागदाला, सगळ्यांना मनोमन नमस्कार केला. तळटीप कापली गेली नसती, तर आत्यानं ती चष्म्याआडून वाचली असती, सकाळी आठला शब्द विचारला असता, आणि मी हे तिच्यासमोर बसून तिच्या हातात कधीच ठेवलं नसतं. आमच्या घरात प्रेमही पाठकोऱ्या बाजूलाच लिहितात.

प्रसाद वाटून झाल्यावर आत्यानं टाळ्या वाजवून सगळ्यांना बसवलं.

“शिरीषच्या कादंबरीतली गुप्तहेर मी,” तिनं जाहीर केलं. “त्यामुळे मी मरू शकत नाही. दुसरं प्रेत पाहिजे.”

सभा विचारात पडली. खेरकाका म्हणाले, प्रेताला आरती म्हणता येत नाही, मला नको. दामले म्हणाले, माझ्या प्रॅक्टिसवर परिणाम होईल. नलूकाकू म्हणाल्या, मी मेले तर पाचव्या दिवसाचे मोदक कोण करणार? (“आत्या!” असं कोणीतरी मागून ओरडलं.) बबीन्याचे जोशीसुद्धा म्हणाले, आत्ता कुठं संशयित झालोय, राहू द्या.

“असा माणूस हवा,” आत्या म्हणाली, “की ज्याला मारायचं कारण इथं बसलेल्या प्रत्येकाकडे आहे.”

चाळीस घरं हळूहळू माझ्याकडे वळली. मेधासकट.

ठराव एकमतानं पास झाला. सूचक नलूकाकू, अनुमोदक सई (आयुष्यातलं तिचं पहिलं अख्खं मराठी वाक्य : “पापांना मारायला माझी काहीच हरकत नाही”).

पहिलं पान मी त्याच आठवड्यात लिहून काढलं. आत्यानं लाल पेन्सिलीनं तपासलं, दोन वाक्यांची चार केली आणि खाली शेरा दिला : ‘मृत्यू पटतो.’ दुसरं पान मात्र अजून झालेलं नाही. रोज सकाळी आठ वाजता आत्या शब्दकोड्यातला शब्द विचारते आणि मग दुसऱ्या पानाचं विचारते, आणि मी तिला रोज तेच सांगतो, की आत्या, पहिल्याच पानावर लेखकाला मारलंत सगळ्यांनी, आता पुढचं लिहायचं कोणी?